ज्याच्या शब्दावर भरवसा नाही, त्याच्याशी करार करावा का?

प्रश्न : अमेरिकेत बरीच वर्षं राहणाऱ्या आणि आता तिथल्या नागरिक असलेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते. त्या २०१२ पासून डेमोक्रॅटिक पक्षाचं काम करतात. दारोदार फिरण्यापासून सुरुवात केली, आता पक्षाच्या काउंटी, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या, कमिटीवर आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खर्चाचं विधेयक अडल्याने केंद्र सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प होतं. हा शटडाऊन संपवण्यासाठी त्यांच्या लोकप्रतिनिधींनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाबरोबर मत दिलं. कमिटीतले बरेच जण संतापले आणि आता निषेधाचा ठराव येतो आहे. ज्या वयस्क बाईंनी त्यांना पक्षात आणलं, त्याच ठराव मांडणार आहेत. दुसरीकडे त्यांचे धाकटे दीर केंद्र सरकारी नोकरीत आहेत आणि त्या ४३ दिवसांत त्यांना पगार मिळाला नव्हता. ‘‘हा अध्यक्ष दिलेला शब्द पाळेल असं मला एक क्षणही वाटत नाही. त्याच्याशी सहकार्य करायचं म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकायचा, आणि तो माझ्याकडे नाही. पण दिरांकडे पाहिलं की ठरावाला हात वर करायचं धैर्य होत नाही. विरोधी पक्षाने अशा अध्यक्षाला साथ द्यावी का? आणि मी मत कुणीकडे द्यावं?’’ असं त्या विचारतात.

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यातला राग जाणवला. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दापाशी अडखळले. ‘सहकार्य करायचं म्हणजे विश्वास टाकायचा’ या वाक्यातला ‘म्हणजे’. तुमची सगळी कोंडी त्या एका शब्दात आहे, असं मला वाटतं.

ज्याच्यावर आपला पूर्ण विश्वास असतो त्याच्याशी आपण तोंडी व्यवहार करतो. परक्याशी करताना कागद करतो, साक्षीदार घेतो, हप्ते बांधतो, मुदत घालतो. करारनामा ही चीजच मुळी अविश्वासातून जन्माला आली आहे. आणि तुमच्या देशाची राज्यघटना तर अविश्वास गृहीत धरूनच लिहिलेली आहे. पैसा मंजूर करायचा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नेमणुकांना संमती द्यायची सिनेटने, म्हणजे तिच्या वरच्या सभागृहाने, परराष्ट्रांशी केलेल्या तहाला सिनेटचं दोन तृतीयांश मत. लिहिणाऱ्यांनी ‘अध्यक्ष सज्जनच असेल’ असं कुठेही धरलेलं नाही. त्यामुळे अध्यक्षावर विश्वास नाही, एवढ्यावरून सहकार्य करावं की नाही हे ठरत नाही. ठरतं ते पुढच्या प्रश्नावरून : त्याने शब्द मोडला तर आपल्या हातात काय उरतं? तारण काय आहे?

हा प्रश्न ज्यांनी फार चांगला सोडवला, त्यांची गोष्ट सांगते. तुमच्याच पक्षातली आहे. १९७० मध्ये अध्यक्ष होते रिचर्ड निक्सन आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की हवा प्रदूषणाच्या कायद्याचं काम पाहत होते. पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीत निक्सनना टक्कर देतील अशा लोकांत मस्कींचं नाव वरच होतं. म्हणजे दोघांमध्ये विश्वास सोडाच, साधी सदिच्छाही असण्याचं कारण नव्हतं. तरीही ३१ डिसेंबर १९७० ला निक्सननी त्या कायद्यावर सही केली. त्या समारंभाला मस्कींना बोलावलंही नव्हतं!

मस्कींनी मानपान मनावर घेतला असेल-नसेल, त्यांनी कायद्यात काय लिहून ठेवलं होतं ते पाहा. मोटारींच्या धुरातले प्रमुख विषारी घटक नव्वद टक्क्यांनी कमी करायचे, आणि केव्हापर्यंत, तर १९७५-७६ च्या गाड्यांपर्यंत. आकडा आणि साल दोन्ही कायद्यातच. वर आणखी एक कलम : सरकारने अंमलबजावणी केली नाही तर सामान्य नागरिकाला कोर्टात जाता येईल. प्रशासनाच्या मर्जीवर सोडलेली जागा जमेल तितकी कमी करून टाकली. त्या मुदती पुढे लांबल्या, हे खरं आहे. पण नागरिकांनी सरकारला कोर्टात खेचण्याचा तो मार्ग आजही वापरात आहे आणि नंतरच्या कितीतरी पर्यावरण कायद्यांनी तो उचलला.

गोष्ट तिथे संपत नाही. १९७२ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा आला तेव्हा निक्सननी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढला, आणि त्यात निक्सनच्या स्वतःच्या पक्षाचेही पुष्कळ लोक होते. मग निक्सननी वेगळी वाट धरली. सांडपाणी प्रकल्पांसाठी दोन वर्षांचे ५ अब्ज आणि ६ अब्ज डॉलर मंजूर होते, त्यांपैकी २ आणि ३ अब्जच वाटायचे, असा आदेश दिला. कायदा झाला, पैसा मात्र अडवला. तुम्हाला वाटणारी नेमकी हीच भीती आहे ना? न्यूयॉर्क शहर कोर्टात गेलं आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा पैसा अडवता येणार नाही. दरम्यान १९७४ मध्ये काँग्रेसने मंजूर पैसा अडवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला. आणि याच काळात, फेब्रुवारी १९७३ मध्ये, सिनेटने वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीसाठी समिती नेमली, ७७ विरुद्ध ० मतांनी.

म्हणजे एकाच माणसाबरोबर कायदे केले, त्याचा नकाराधिकार मोडला, त्याने पैसा अडवल्यावर त्याचे हात बांधणारा कायदा केला आणि त्याचीच चौकशीही केली. यातल्या कुठल्या गोष्टीने दुसरीला बाधा आली? मला तरी दिसत नाही. तुमच्या कमिटीत ‘सहकार्य की विरोध’ असे दोन कप्पे पडले आहेत. त्या काळच्या डेमोक्रॅट्सनी दोन्ही एकत्र केलं, कारण प्रत्येक कामासाठी त्यांनी वेगळा हिशेब मांडला.

आता तुमच्या अविश्वासाकडे येते. पत्रात तो शब्द तुम्ही अनेकदा वापरला आहे, पण दर वेळी त्याचा अर्थ निराळा आहे. एका ठिकाणी तुम्ही आरोग्य विम्याच्या मदतीबद्दल लिहिता. तिथे अध्यक्षांचं धोरणच तुम्हाला चुकीचं वाटतं. त्याला मी मतभेद म्हणेन. मतभेद असलेल्या माणसाशी देवाणघेवाण करायची नाही, तर मग ती करायची कुणाशी? दुसऱ्या ठिकाणी तुम्ही म्हणता, ‘आज हो म्हणेल, उद्या फिरेल.’ हा खरा अविश्वास, शब्दाचा. त्यावर मस्कींनी दाखवलेला उपाय आहे : शब्दावर अवलंबून राहायचंच नाही, तारखा, आकडे आणि कोर्टाची वाट लिहून घ्यायची. तिसऱ्या ठिकाणी तुमची भीती याहून खोल आहे. दिलेली सत्ता नियम मोडण्यासाठीच वापरली जाईल, अशी. हा अविश्वास खरा असेल तर एक गोष्ट कधीच करू नये. त्या माणसाच्या हाती नवा, मोकळा अधिकार देऊ नये, बदल्यात काहीही मिळत असलं तरी.

या तिन्हींची सरमिसळ झाली की मतभेदाच्या जागी माणूस युद्ध करतो आणि युद्धाच्या जागी तडजोड करून बसतो. तुमच्या पक्षाच्या हातून हे झालेलं आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध लष्करी बळ वापरायची परवानगी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना देण्याचा ठराव आला. आवश्यक वाटेल तसं बळ वापरावं, आणि ते ठरवायचं अध्यक्षांनीच, असा त्याचा गाभा होता. सिनेटमधल्या ५० डेमोक्रॅट्सपैकी २९ जणांनी बाजूने मत दिलं. त्यांतल्या काहींना नंतर ते मत आयुष्यभर सलत राहिलं. हिलरी क्लिंटन यांनी ती चूक होती हे पुढे स्पष्ट शब्दांत लिहिलं. त्या वेळी ‘आम्ही अध्यक्षांवर विश्वास ठेवून मत देतो’ असं म्हणणं देशभक्तीचं वाटत होतं. पण अधिकार एकदा हातातून गेला, आणि तो कधी कसा वापरायचा हे विचारायला मत देणाऱ्यांची पुन्हा गरजच उरली नाही.

त्याच्या उलट २०१८ चा डिसेंबर आठवा. अध्यक्ष हेच. तुमच्या पक्षाचा त्यांच्यावरचा अविश्वास तेव्हा काही कमी नव्हता. तरी तुरुंग आणि शिक्षांच्या सुधारणेचा ‘फर्स्ट स्टेप’ कायदा सिनेटने ८७ विरुद्ध १२ मतांनी संमत केला. २१ डिसेंबरला त्यावर सही झाली. आणि लगेच २२ डिसेंबरला सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून शटडाऊन सुरू झाला, तो ३५ दिवस चालला. आज बरोबर काम केलं, उद्या तितक्याच ताकदीने भांडले. त्या कायद्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. क्रॅक कोकेनच्या प्रकरणांत जुन्या, जास्त कडक नियमांनी शिक्षा झालेल्या कैद्यांना शिक्षा कमी करून मागायला कोर्टात जाण्याची मुभा मिळाली. निर्णय न्यायाधीशांच्या हाती. पुढे हजारो लोकांची शिक्षा कमी झाली आणि त्यासाठी कुणालाही अध्यक्षांच्या मनातलं ओळखावं लागलं नाही.

तेव्हा विधेयक कुणाचं आहे आणि समारंभात फोटो कुणाचा छापून येणार, हे थोडा वेळ बाजूला ठेवा. एवढंच विचारा : यातून किल्ली कुणाच्या हाती जाते? कैद्याच्या, नागरिकाच्या, कोर्टाच्या, राज्यांच्या हाती जात असेल तर अध्यक्ष कुणीही असो, हात पुढे करायला हरकत नसावी. अध्यक्षांच्याच खिशात जात असेल, तर आवडत्या अध्यक्षालाही देताना दहा वेळा विचार करावा.

रिपब्लिकन पक्षाने विरोधात असताना हे केल्याचं एक जुनं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण आपल्याच पक्षाच्या गोष्टी ऐकून माणूस सुखावतो आणि शिकत नाही. १९४७-४८ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना युद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपसाठी मार्शल योजना हवी होती. चार वर्षांसाठी १७ अब्ज डॉलरची मागणी होती. काँग्रेस रिपब्लिकनांच्या ताब्यात होती आणि ट्रुमनच्या कारभाराबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. १९४७ मध्येच कामगार संघटनांविषयीच्या टॅफ्ट-हार्टली कायद्यावरचा ट्रुमन यांचा नकाराधिकार त्यांनी मोडून काढला होता. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष आर्थर व्हँडेनबर्ग यांनी योजना अडवली नाही, पण १७ अब्जांचा आकडा काढून टाकायला लावला. पैसा एकेका वर्षाचा मंजूर होईल, म्हणजे दर वर्षी काँग्रेससमोर यावं लागेल. शिवाय योजना परराष्ट्र खात्याकडे न देता स्वतंत्र यंत्रणेकडे द्यायची आणि तिच्या प्रमुखपदी उद्योगक्षेत्रातला माणूस हवा. पॉल हॉफमन नावाचे मोटार उद्योगातले रिपब्लिकन गृहस्थ त्या जागी आले. हप्ते बांधले आणि तिजोरीवर आपल्या भरवशाचा माणूस बसवला. मग मात्र मनापासून साथ दिली.

आता तुमच्या शटडाऊनबद्दल. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या लोकप्रतिनिधींचं मत बरोबर होतं की चूक हे ठरवण्याआधी त्यांनी नेमका कसला सौदा केला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कदाचित कमिटीच्या चर्चेतही ते आलं नसेल.

तुमचा पक्ष त्या वेळी दोन्ही सभागृहांत अल्पमतात होता. हातात एकच गोष्ट होती : सिनेटमध्ये खर्चाचं विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागतात. आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी मिळणारी वाढीव सवलत २०२५ च्या अखेरीस संपत होती, तिची मुदत वाढवून मिळावी ही मागणी होती. १२ नोव्हेंबरला जे मिटलं, त्यात काही गोष्टी कायद्यात लिहिलेल्या होत्या. थकलेला पगार मिळणार. शटडाऊनच्या काळात काढलेल्या कर्मचाऱ्यांच्या कपातीचे निर्णय रद्द. काही खात्यांना पूर्ण वर्षाचा पैसा, त्यात शेती खातं आणि त्यामुळे अन्नमदतीची तरतूदही. ही अन्नमदत सुमारे ४ कोटी २० लाख लोकांपर्यंत जाते आणि नोव्हेंबरमध्ये ती अडकली होती. याउलट विम्याच्या सवलतीबद्दल मिळालं ते एवढंच, की डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मतदान घेऊ. ते ११ डिसेंबरला घेतलं गेलं. ६० मतं मिळाली नाहीत आणि सवलत वर्षअखेर संपली.

नीट पाहिलं तर शब्द पाळला गेला. मतदान घेण्याचं वचन होतं, मतदान झालं. ज्याची गरज होती ते मात्र वचनात नव्हतंच. कागदावर लिहून घेतलं ते मिळालं, आशेवर सोडलं ते गेलं. म्हणून ‘त्यांनी शत्रूबरोबर मत दिलं’ या आरोपात मला फारसं बळ दिसत नाही. ‘एवढ्या दिवसांची झळ सोसल्यावर मुख्य मागणीच्या बदल्यात केवळ मतदानाचं आश्वासन का घेतलं?’ या प्रश्नात मात्र पुष्कळ बळ आहे. हा प्रश्न तुम्ही त्यांना जरूर विचारावा. त्याचं उत्तर ‘यापेक्षा जास्त मिळणार नव्हतं आणि लोक उपाशी राहिले असते’ असं असू शकतं, आणि ते खरंही असू शकतं. ते त्यांच्या तोंडून यायला हवं.

त्यात आणखी एक अडचण आहे, जिची तुमच्या बाईंनी आठवण ठेवली असेल तर त्यांचा राग मला समजतो. खर्चाचा करार करायला ६० मतं लागतात, पण मंजूर पैसा परत काढून घेण्याचं विधेयक साध्या बहुमताने होतं. जुलै २०२५ मध्ये तसंच झालं. परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारणाचे मिळून सुमारे ९ अब्ज डॉलर रद्द केले गेले. नंतर तर जवळपास ५ अब्जांची परदेशी मदत आर्थिक वर्ष संपता संपता अडवून धरली गेली आणि १९७४ च्या कायद्याचा वाद पुन्हा कोर्टात उभा राहिला. एकाने साठ गाठी मारायच्या आणि दुसऱ्याने पन्नासांत सोडायच्या, असा करार असेल तर विरोधी पक्षाने ‘गाठ सोडायची नाही’ हेच आधी लिहून मागणं रास्त आहे. ही अट अडवणुकीची नव्हे, कराराच्या किमान शिस्तीची आहे. तुमच्या कमिटीच्या ठरावात ती यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

एक कुलूप पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. मार्च २०२० मध्ये कोविडच्या मदतीचं सुमारे २ लाख २० हजार कोटी डॉलरचं विधेयक सिनेटमध्ये ९६ विरुद्ध ० ने संमत झालं. पैशावर देखरेख ठेवण्याची कलमं विरोधी पक्षाने आग्रहाने घालून घेतली होती. काही आठवड्यांतच देखरेख समितीच्या प्रमुखपदासाठी निवडलेल्या अधिकाऱ्याला अध्यक्षांनी त्या जागेवरून हलवलं. पण समिती दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चालू राहिली आणि काँग्रेसचं हिशेब तपासणारं कार्यालयही होतंच. एक दार बंद झालं तरी हिशेब थांबला नाही. त्या वेळी ‘या माणसाच्या हाती एवढा पैसा कसा द्यायचा’ म्हणून नकार दिला असता तर? बेकार झालेल्या लोकांना ते कसं समजावलं असतं, हे मला सुचत नाही.

आता थोडं बोचेल असं बोलते. तुम्ही २०१२ पासून काम करता. मग २०१३ चा १६ दिवसांचा शटडाऊन तुम्ही जवळून पाहिला असेल. तेव्हा रिपब्लिकन म्हणत होते की आरोग्य विम्याचा कायदा मागे घ्या, त्याचा पैसा थांबवा, तरच सरकार चालू देऊ. अध्यक्ष ओबामांवर त्यांचाही काडीचा विश्वास नव्हता आणि त्यांचे कार्यकर्ते तडजोड करणाऱ्यांना गद्दार म्हणत होते. त्या वेळी तुम्ही दारोदार जाऊन काय सांगत होता? सरकार ओलीस धरू नका, असंच ना? त्यांची मागणी आणि तुमची मागणी सारखी होती असं मी म्हणत नाही. लोकांचा विमा काढून घेणं आणि टिकवणं यात फरक आहे आणि तो मोठा आहे. पण हत्यार तेच आहे, आणि त्याची झळ तशाच माणसांना बसते. २०१० मध्ये सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकोनेल म्हणाले होते की ओबामांना दुसरी कारकीर्द मिळू न देणं हे आमचं सर्वांत महत्त्वाचं उद्दिष्ट आहे. ते वाक्य तुमच्या पक्षाने वर्षानुवर्षं वापरलं. त्याच मुलाखतीत, ओबामा मधल्या वाटेवर येणार असतील तर त्यांच्याबरोबर काम करण्यात वावगं नाही, असंही ते म्हणाले होते. ते फारसं कुणी सांगत नाही. दुसऱ्या पक्षाने केलं तेव्हा ज्याला आपण अडवणूक म्हटलं, तेच आपण करताना त्याला बाणा म्हणायचं असेल, तर निदान फरक कशात आहे हे स्वतःशी सांगता आलं पाहिजे.

काही गोष्टी सौद्यात आणायच्याच नाहीत, हे मात्र तितक्याच ठामपणे सांगते. निवडणुकीचा निकाल मान्य करणं, कोर्टाचा आदेश पाळणं, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना काम करू देणं. ‘रस्त्यांसाठी एवढा पैसा देतो, तुम्ही त्या चौकशीकडे दुर्लक्ष करा’ असा प्रस्ताव कुणाही अध्यक्षाकडून आला तर तिथे मधली वाट शोधत बसू नये. तुमच्या लोकप्रतिनिधींनी असं काही केलं असतं तर मी तुम्हाला ठरावाला हात वर करा, असंच सांगितलं असतं. त्यांनी तसं केल्याचं तुमच्या पत्रातून दिसत नाही.

तर मत कुणीकडे? तुम्ही सरळ विचारलंय म्हणून सरळ सांगते. मी तुमच्या जागी असते तर आहे त्या शब्दांतल्या निषेधाच्या ठरावाविरुद्ध मत दिलं असतं. पण मत देऊन गप्प बसले नसते; दुरुस्ती मांडली असती. ‘अमुक पक्षाबरोबर मत दिल्याबद्दल निषेध’ या शब्दांऐवजी, लोकप्रतिनिधींनी कमिटीसमोर येऊन या करारात काय लिखित मिळवलं, काय आश्वासनावर सोडलं आणि का, हे सांगावं, अशी मागणी. सोबत पुढच्या वेळेसाठी कमिटीची अपेक्षा : मंजूर पैसा परत न काढण्याची अट कायद्यातच असावी, मुख्य मागणी केवळ मतदानाच्या वचनावर सोडू नये, आणि मागे हटण्याची वेळ आलीच तर ती चाळिसाव्या दिवशी नव्हे, आधीच ठरलेली असावी. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. कुठवर ताणायचं हे सुरुवातीलाच ठरवलं नाही तर दोर कोण तोडणार, ते ज्याला सर्वांत आधी भूक लागते त्याच्यावर ठरतं. तुमच्या पक्षाला गरजू माणसांची काळजी आहे, हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

अशाच पेचात सापडलेल्या इतर वाचकांनाही, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, हेच सांगेन : आपल्या प्रतिनिधीला ‘त्यांच्याबरोबर गेलात का?’ असं विचारू नका. ‘लिहून काय घेतलंत, मोडलं तर कोर्टात कोण जाऊ शकतं आणि पुढचा हप्ता कधी?’ असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की पुन्हा विचारा.

आणि त्या बाई. ठरावाच्या बैठकीत पहिल्यांदा त्यांना तुमचा विरोध कळता कामा नये. आधी त्यांच्या घरी जा. ‘तू मवाळ झालीस’ असं त्या म्हणतील. म्हणू दे. त्यांना जुलैमध्ये परत काढून घेतलेल्या पैशाबद्दल बोलू द्या, कारण त्यांच्या रागात तथ्य आहे. मग दुरुस्तीचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि ती त्यांनीच मांडावी, असं सुचवा. ज्यांनी तुम्हाला दार वाजवायला शिकवलं, त्यांना लोकप्रतिनिधीला समोर बसवून जाब विचारण्यात निषेधाच्या दोन ओळींपेक्षा जास्त रस असेल असा माझा अंदाज आहे. चुकला तर मला कळवा.

दिरांशी या विषयावर बोललात का? पत्रात तुम्ही त्यांच्याकडे पाहता, त्यांना काही विचारत नाही. ४३ दिवस बिनपगारी काढलेल्या माणसाला करार हवा होता की लढा, हे आपण त्याच्या वतीने ठरवू नये. केंद्र सरकारी नोकरांत दोन्ही मतांचे लोक आहेत. नोकरी जाण्याची टांगती तलवार असल्याने ‘आता मागे हटू नका’ म्हणणारेही आहेत. त्यांनी काय सांगितलं ते, त्यांची हरकत नसेल तर, नाव न घेता कमिटीत सांगा. त्या खोलीत पगार थांबलेल्या घराचा आवाज अजून आलेला नसावा.